दोन वर्षं उभी असलेली कार्बोरेटरवाली मारुती ८०० घेतली आहे. नागपुरात घरीच दुरुस्त करायची तर सुरुवात कुठून करू?

चावी मारायची घाई नको. तिन्ही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. पिस्टनच्या रिंगा गंजून धरल्या असतील. जुनं पेट्रोल काढून टाका, नाहीतर त्याचा चिकटा कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) बुजवतो. ऑइल, फिल्टर, टायमिंग बेल्ट नवे.

ब्रेकचे व्हील सिलिंडर (चाकात ब्रेक दाबणारे) बहुधा गंजलेले निघतील, ते आधी बघा. रेडिएटरचे होज दाबून बघा, चिरा दिसल्या की बदला. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तेच आधी फुटतात. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. आणि हो, कार्बोरेटरवाली म्हणजे १५ वर्षं उलटलेलीच, तेव्हा खर्चाआधी आरसीची (नोंदणीची) मुदत बघा.