डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा की कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा छोटा)?

मेगापिक्सेलचा आकडा आधी डोक्यातून काढून टाक. खरा फरक सेन्सरचा, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा. साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर जेमतेम ६ × ४.५ मिमीचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमधला साधारण २३ × १५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात बारापट. भर उन्हात दोघांचे फोटो शेजारी ठेवलेस तर पटकन ओळखू येणार नाहीत. संध्याकाळी घरात मात्र कॉम्पॅक्टच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. माझ्या जुन्या कॉम्पॅक्टवर बटण दाबलं की तो क्षणभर विचार करत बसायचा. भाचीने मेणबत्त्या फुंकल्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही, सगळे धुराचेच! लहान मुलं, प्राणी, खेळ टिपायचे असतील तर डीएसएलआरच घे.

पण घेतलास तर पुढच्या खर्चाची तयारी ठेव. सोबत येणारी १८-५५ मिमी झूम लेन्स शिकायला ठीक आहे, पण ५५ला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, ती एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). नंतर ५० मिमी एफ/१.८ घेतलीस तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. झूमबिम नाही तिला, स्वतःच पुढे-मागे सरकायचं.

आणि बॅग घेऊन फिरायचा कंटाळा असेल तर सरळ कॉम्पॅक्ट घे, फक्त १ इंची सेन्सरवाला बघ (इंच नावापुरताच, प्रत्यक्षात साधारण १३ × ९ मिमी, पण साध्या कॉम्पॅक्टपेक्षा बराच मोठा). विकत घेण्याआधी डीएसएलआर तासभर गळ्यात अडकवून फिरून बघ, कुणाचा तरी मागून आण.