4:38 वर अमेरिकेत काय मिळतं?

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. दिंडोरीजवळचं गाव, नाशिकला अकरावी सायन्स, 1500 मीटरला 4 मिनिटं 38 सेकंद, वडिलांची द्राक्षबाग. आणि प्रश्न एकच: ‘ताई, एवढ्या टायमिंगवर अमेरिकेत फुल स्कॉलरशिप मिळेल का?’

फुल नाही मिळणार. थोडी मिळू शकते, आणि त्या ‘थोडी’चा हिशोब घरात आत्ताच मांडायला हवा, म्हणून सविस्तर लिहितेय.

इकडचे कोच मैलात बोलतात. तुझे 4:38 म्हणजे मैलाला साधारण 5 मिनिटं. इथल्या कॉलेजांच्या खेळाची मोठी संघटना म्हणजे एनसीएए, आणि तिचे तीन गट, सगळ्यात वरचा डिव्हिजन वन. एवढ्यावर डिव्हिजन वनमधली नावाजलेली कॉलेजं पैसे काढत नाहीत. लांब पल्ल्याला तिथे केनियाच्या मुली उतरतात. शिवाय 2025 मधल्या कोर्टाच्या तडजोडीनंतर बऱ्याच मोठ्या कॉलेजांत संघातल्या डोक्यांवरच मर्यादा आली आहे, ट्रॅकला 45, क्रॉस कंट्रीला 17. ‘पैसे नकोत, नुसतं संघात घ्या’ म्हणणाऱ्यांनाही आता जागा मिळेनाशी झाली आहे. तुझ्यासाठी डिव्हिजन टू आणि एनएआयए, म्हणजे लहान कॉलेजांची वेगळी संघटना, ही दारं. मी डिव्हिजन टूमध्येच धावले, कॅन्ससमध्ये. डिव्हिजन थ्री खेळासाठी दमडी देत नाही, पण त्यातली काही श्रीमंत कॉलेजं मार्क आणि घरची परिस्थिती बघून चांगली मदत करतात. म्हणजे बारावी सांभाळ.

तेजस्विन शंकरचं उदाहरण दिलंयस. तो 2017 मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला, 2018 आणि 2022 मध्ये उंच उडीत एनसीएएची स्पर्धा जिंकला. पण जाण्याआधीच राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर होता, हे विसरू नकोस.

आता पैसे. इथे कोचकडे ठरावीक रक्कम असते आणि तो ती तुकडे करून पोरांत वाटतो. मला खेळाची 40 टक्के मिळाली, मार्कांची 20. उरलेल्याचा हिशोब माझ्या वडिलांनी द्राक्षाच्या व्यापाऱ्याच्या पावतीमागे पेन्सिलीने केला होता, डॉलरच्या भावाने गुणून. त्यात तीन गोष्टी राहून गेल्या: सक्तीचा आरोग्य विमा, उन्हाळ्यातलं खोलीचं भाडं आणि टॅक्स. ट्यूशन फीपुरत्या स्कॉलरशिपवर टॅक्स नाही, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या भागावर परदेशी विद्यार्थ्यांकडून साधारण 14 टक्के कापून घेतात. पहिल्याच सेमिस्टरला माझ्या नावावर कॉलेजची थकबाकी दिसली, तेव्हा मी अकाउंट्सच्या खिडकीपाशी उभी राहून चक्क रडले. एफ-1 व्हिसावर नोकरी फक्त कॅम्पसमध्ये, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास. मी मेसमध्ये ताटं धुतली. सकाळी 12 किलोमीटर धावल्यावर त्याहून जास्त काही होतही नाही. पत्र आलं की स्कॉलरशिप एका वर्षाची आहे की चारही वर्षांची, ते आधी बघ. माझी दरवर्षी नव्याने ठरायची, आणि मधे कोच बदलला.

टायमिंगपेक्षा टायमिंगचा पुरावा मोठा. शाळेच्या स्पर्धेत सरांनी स्टॉपवॉचवर घेतलेली वेळ इथे कोणी धरत नाही. राज्य किंवा राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत, इलेक्ट्रॉनिक टायमिंगवर धाव. निकाल ऑनलाइन सापडला की कोच उत्तर देतो. पात्रता तपासताना नववीपासूनची गुणपत्रकं मागतात. तू मराठी माध्यमाची, म्हणजे नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत असणार. त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घे. आमच्या शाळेत तो जुना रेकॉर्ड शोधायला शिपाईकाकांना दोन दिवस लागले होते.

हाफ मॅरेथॉनला रोख बक्षिसं घेतेस, हे तू सहज लिहून गेलीस. तिथे थांब. कॉलेजला लागण्याआधी घेतलेल्या रोख बक्षिसांवरून अडचण येऊ शकते. आजवर काय मिळालं, कुठे, किती, सगळं वहीत लिहून ठेव आणि फॉर्ममध्ये लपवू नकोस. जन्मतारखेचंही तेच. आपल्याकडे वयाचे काय खेळ चालतात ते तुलाही माहीत आहे. आणि बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीत दोन वर्षं काढलीस आणि स्पर्धाही खेळत राहिलीस, तर इथे कॉलेजच्या संघातून खेळायला मिळणाऱ्या वर्षांतलं एक जाऊ शकतं.

एजंटाला पैसे देऊ नकोस. मी दीड लाख दिले. त्याने सगळ्या कोचना एकच ईमेल पाठवला, आणि माझ्या टायमिंगच्या वर दुसऱ्याच मुलीचं नाव राहिलं होतं! स्कॉलरशिपच्या टक्केवारीवर फी मागणारा तर एनसीएएच्या नियमातच बसत नाही.

थंडीचं विचारलंस. निफाडचा पारा उतरला की आपल्याकडे पेपरात बातमी येते. इथे उणे 15 ला कोच म्हणतो, हातमोजे घाल आणि चल. सप्टेंबरपासून गवतावर 6 किलोमीटरची क्रॉस कंट्री, मग 200 मीटरच्या इनडोअर ट्रॅकवर गरगर, मग आउटडोअर. शरीराला मोकळा महिना जवळजवळ मिळत नाही.

आणि इथे आलं नाही म्हणून काही संपत नाही. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत नाशिकलाच भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर कोच विजेंदर सिंगांकडे तयार झाली, आणि 2010 मध्ये दिल्लीत कॉमनवेल्थला 10,000 मीटरचं कांस्य, ग्वांगझूला एशियाडचं रौप्य घेऊन आली. तुझ्या वडिलांना ‘तिकडे गेलं तरच’ असं सांगितलं असशील, तर ते आधी दुरुस्त कर.

जायचंच ठरलं तर पंधरा कॉलेजं निवड, प्रत्येक कोचला वेगळा ईमेल लिही. विषयातच इव्हेंट, वेळ आणि बारावीचं वर्ष टाक. आत पाच ओळी, निकालाची लिंक, शर्यतीचा व्हिडिओ. तू पाठवलेला व्हिडिओ उभा काढलाय. शेवटच्या 200 मीटरमध्ये तू दिसतच नाहीस, नुसते लोकांचे हात दिसतात. भावाला सांग, पुढच्या वेळी मोबाईल आडवा धर आणि वळणापाशी उभा राहा.