तेच अन्न अख्खं खाल्लं किंवा वाटून प्यायलं, तर रक्तातल्या साखरेत आणि चरबीत फरक पडतो का?

पडतो. "पोटात गेल्यावर सगळं एकच होतं" हे वाक्य आमच्या दादाकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसताच लिहायला बसले.

आईला मधुमेह आहे. दाढा काढून कवळी बसवली, ती हिरडीला टोचायची. दादाने लगेच सगळं पातळ करायला घेतलं. सफरचंदाचा गाळलेला रस, ओट्सची पूड करून पेज, अख्ख्या हरभऱ्यांऐवजी हरभऱ्याच्या पिठाचं सूप. औषधं तीच, जिन्नस तेच. पण जेवल्यावर तासाभराने बोट टोचलं की आकडा चढलेला, आणि थोड्या वेळाने आईचं सुरू, "काही खायला आहे का गं?" दादा म्हणायचा, वय झालं की साखर वाढतेच. मी त्याला ते सूप दाखवायचे. चमच्यावरून सरळ ओघळायचं, दाताखाली यायला एक कण नाही. आई दोन मिनिटांत वाटी रिकामी करायची.

हरभऱ्यातला स्टार्च पेशींच्या भिंतीत कोंडलेला असतो. दाणे अख्खे शिजवले तर पेशी एकमेकींपासून सुटतात, पण बऱ्याचशा फुटत नाहीत, त्यामुळे पाचकरस आत सावकाश शिरतात. कच्चे दळले की भिंती आधीच फुटलेल्या. १९७७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सफरचंदाचा प्रयोग छापून आला होता. निरोगी माणसांना कर्बोदकं तेवढीच ठेवून अख्खं फळ, वाटलेला गर आणि रस दिला. साखर तिन्हींनी सारखीच वर गेली, पण रसाने आणि गराने इन्सुलिन, म्हणजे साखर खाली आणणारं संप्रेरक, जास्त चढलं. नंतर साखर झपकन खाली आली ती रसाने सर्वांत जास्त, गराने त्याहून कमी. अख्ख्या फळाने असं झालंच नाही. रसाने पोटही कमी भरलं. गरात तर चोथा सगळा होता! म्हणजे फायबर आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, ते कुठल्या अवस्थेत आहे तेही बघावं लागतं.

मी हरभरे पुन्हा अख्खे आणले, पण अगदी मऊ शिजवून. कवळी डेंटिस्टकडून नीट करून घेतली, जे आधीच करायला हवं होतं. आकडे उतरले. दादा म्हणतो योगायोग.

चरबीचंही तसंच. बदाम चावून खाल्ले तर बरंच तेल न फुटलेल्या पेशींतच अडकून बाहेर पडतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून नेहमीच्या हिशोबाच्या सुमारे १७० ऐवजी १२९ च कॅलरी अंगी लागल्या. रक्तातली चरबी जेवणानंतर तीन-चार तासांनी शिखरावर जाते आणि ग्लुकोमीटरवर ती दिसतच नाही. दादाला वाटायचं, दिसत नाही म्हणजे काही होतच नाही.

मिक्सर दर वेळी वाईट, असंही नाही. रासबेरीसारखी बियांची फळं बियांसकट फिरवली तर साखर उलट कमी चढल्याचं दिसलंय. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना वाटलेलं अन्न लागू शकतं, पण पाण्यासारख्या पातळाने उलट ठसका लागू शकतो, म्हणून किती दाट ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरली तर रसच द्यायचा, तिथे सफरचंद चावत बसू नका. पण दात दुखतात म्हणून कोणी रसावर आणलं असेल, तर आधी दातांचं बघा. आणि घरात कोणी "सगळं एकच" म्हणालं, तर एकदा अख्खं, एकदा पातळ, तेवढ्याच मापाचं देऊन दोन्ही वेळा तासाभराने त्यांच्यासमोर बोट टोचा. दादा याला अजून तयार झालेला नाही.