छत्रपती संभाजीनगरच्या कोंडीवर उपाय कोणता: मेट्रो की बस?

माझ्या मते आधी बस, आणि तीही निव्वळ संख्येने वाढवलेली नव्हे, तर वेगाने धावणारी बस. समजा, वाळूज ते चिकलठाणा असा २० किलोमीटरचा मार्ग आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाऊन-येऊन १६० मिनिटे लागतात, दोन्ही टोकांची विश्रांती धरून १८०, म्हणजे दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर १८ गाड्या लागतात. वेग ताशी २० झाला, तर तीच सेवा १४ गाड्यांत भागते आणि उरलेल्या चार गाड्या आज बस न पोहोचणाऱ्या वसाहतींकडे वळवता येतात.

हा वेग थांब्यांवरच वाया जातो. सिडको चौकाजवळ संध्याकाळी थांब्यापुढे सवारी रिक्षांची रांग लागलेली असते, त्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि हातात पिशवी घेतलेल्या आजीबाईंना दुचाक्यांमधून वाट काढत पायरी गाठावी लागते. रिक्षांना हुसकावून हे सुटणार नाही. थांब्याच्या पुढे त्यांना हक्काची जागा द्यावी, कारण घरापासून बसपर्यंतचा प्रवास त्याच करून देतात.

जालना रोडवर बससाठी स्वतंत्र मार्गिका करायची असेल, तर ती सलग असावी. पुण्यात २००६ साली कात्रज-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली, पण मार्गिका जागोजागी तुटल्याने बस पुन्हा त्याच कोंडीत शिरत राहिली.