'हफीज' हे नाव घेताना

बाळा, अल्लाहची नव्व्याण्णव नावं आठवड्यात पाठ करायची घाई करू नकोस. महिनाभर एकच धर: अल-हफीज, सांभाळणारा. निरोप घेताना 'खुदा हाफिज' म्हणतोस ना, तो शब्द त्याच अरबी मूळ धातूचा.

फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर, कुराणातली 12वी सूरह (अध्याय), यूसुफ, काढ आणि 64वी आयत (ओळ) सावकाश वाच. एक मुलगा हरवलेला बाप, पैगंबर याकूब अलैहिस्सलाम, धाकट्यालाही भावांबरोबर परमुलखात पाठवायची वेळ आल्यावर म्हणतो, अल्लाहच सगळ्यांत चांगला राखणदार. आणि तीनच आयतींनंतर तोच बाप पोरांना बजावतो, एका दरवाजानं आत जाऊ नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. इथं थांब. मी कित्येक दिवस इथंच थांबलो होतो.

2019च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. आई ओठांत 'या हफीजु' म्हणत होती आणि हातानं कागदपत्रं, औषधाच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधत होती. गाठ दोनदा ओढून बघितली तिनं. मला ती आयत त्या गाठीपाशी कळली.

तसबीहचे, जपमाळेचे, मणी मोजण्यात अडकू नकोस. शेजाऱ्याची किल्ली, मित्राची गोष्ट, आज तुझ्याकडं कुणी काय सांभाळायला दिलंय ते आधी आठव, मग नाव घे.