वाचकांचे प्रश्न : ग्रॅच्युइटीतून कपात?

प्रश्न : दुबईतील माझ्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षे काम केलेला कामगार राजीनामा देऊन गावी परतत आहे. त्याच्या ग्रॅच्युइटीतून व्हिसाचा खर्च वजा करता येईल का?

उत्तर : नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरती आणि नेमणुकीचा खर्च मालकानेच सोसायचा असून तो आडमार्गानेही कामगाराकडून वसूल करता येत नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढील वर्षासाठी ३० दिवसांचे, म्हणजे एकूण १३५ दिवसांचे मूळ वेतन आपण त्याला देणे लागता; मूळ वेतन ३,००० दिरहम असल्यास ही रक्कम १३,५०० दिरहम होते. राजीनाम्यामुळे ती घटत नाही. करार संपल्यापासून १४ दिवसांच्या आत ती चुकती करावी. परतीचे तिकीट काढलेल्या माणसाला ताटकळत ठेवणे अन्यायाचेच आहे.