दुकानाच्या वेबसाइटवरून ग्राहकांच्या कार्डांची माहिती फुटली, तर भरपाई कोणी द्यायची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापुरी चपलांच्या आपल्या दुकानाच्या वेबसाइटवरून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली, दोघांच्या खात्यांतून पैसेही गेले, आणि आता वेबसाइट करून देणारा डेव्हलपर व कार्डाचे पैसे दुकानापर्यंत पोचवणारी पेमेंट गेटवे कंपनी दोघेही हात झटकत आहेत, तर कायद्याने जबाबदार कोण? मी वकील नाही. बँकेत असताना महाद्वार रोड आणि राजारामपुरीतील व्यापाऱ्यांना स्वाइप मशिन देण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून सांगतो, की ग्राहकापुढे उत्तर द्यायचे आहे ते आपल्यालाच. डेव्हलपरशी आपला हिशेब वेगळा.

आधी ग्राहकाच्या पैशांचे पाहू. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणी माहिती फुटून व्यवहार झाला असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर एका रुपयाचाही बोजा पडत नाही. चार ते सात दिवस लावले, तर खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते. म्हणून बाकीच्या ग्राहकांना आजच फोन करून कार्ड बंद करायला आणि पैसे गेले असल्यास सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगावे. दुकानाचे नाव जाईल या भीतीने आपण गप्प राहिलात आणि त्यात कोणाची मुदत टळली, तर ते मौनच उद्या आपल्याविरुद्ध पुरावा होईल.

बँकेने ग्राहकाचे पैसे परत केले म्हणजे विषय मिटला, असे मात्र समजू नये. कार्ड कंपन्यांनी ठरवलेली पीसीआय डीएसएस नावाची सुरक्षा-मानके हा कायदा नव्हे. पण कार्डाने पैसे घेण्यासाठी आपण बँकेशी किंवा गेटवेशी जो करार केला, त्यात ती पाळण्याची हमी आणि न पाळल्यास होणारा दंड व नुकसान भरून देण्याचे कलम सहसा असतेच. बारीक टायपातला तो करार वाचून सही करणारा व्यापारी मला नोकरीत एकही भेटला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही पेन पुढे करून 'इथे, इथे आणि इथे' एवढेच म्हणत असू. तो कागद आता शोधून काढा.

कायद्याचा मुख्य आधार म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३अ. आपल्या ताब्यातील संगणकात असलेली संवेदनशील माहिती जपण्यात हलगर्जी झाली आणि त्यातून कोणाचे नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागते. २०११ च्या नियमांनी कार्डाचा तपशील अशा माहितीत स्पष्टपणे धरला आहे. कलमातील 'बॉडी कॉर्पोरेट' हा शब्द ऐकून अनेकांना ते मोठ्या कंपन्यांपुरते वाटते, पण व्याख्येत भागीदारी संस्था आणि एकट्या मालकाचे दुकानही येते. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. ग्राहक आयोगाचा रस्ता याशिवाय खुला आहेच.

मंदिराजवळच्या एका यात्री निवासात मी मशिन बसवायला गेलो होतो, तेव्हा बुकिंगच्या लांबट वहीत भाविकांच्या नावांपुढे सोळा आकडी कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही निळ्या शाईत ओळीने लिहिलेले पाहिले होते. वही कागदाची असल्याने ती ४३अ च्या कक्षेत येणार नाही. पण तोच तपशील एक्सेलमध्ये उतरवला किंवा व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो मागवून दुकानाच्या संगणकात साठवला, की कलम लागू. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क वगळता कोणालाही पूर्ण क्रमांक साठवता येत नाही; दुकानाकडे टोकन (खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायचा बदली क्रमांक) आणि शेवटचे चार आकडे राहू शकतात. आपल्या डेटाबेसमध्ये पूर्ण क्रमांक सापडले, तर हलगर्जी वेगळी सिद्ध करण्याचे काम फारसे उरणार नाही. काही साठवलेच नसेल, तरी निर्धास्त राहू नका : पानावर घुसवलेली स्क्रिप्ट ग्राहक टाइप करत असतानाच आकडे बाहेर पाठवू शकते, आणि ते पान आपले असते.

डेव्हलपरने सुरक्षेची लेखी हमी दिली असेल, तर भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करता येईल. नुसते फोनवरचे बोलणे असेल, तर कठीण आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये तर करार काहीही असो, आपल्या वतीने काम करणाऱ्याच्या चुकीचीही जबाबदारी मूळ व्यावसायिकावरच टाकली आहे. त्यातील २५० कोटींपर्यंतच्या दंडाच्या तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होतील आणि त्याच वेळी ४३अ रद्द होईल. मला हा बदल खटकतो, कारण दंड सरकारी तिजोरीत जाणार आणि ज्याचे कार्ड फुटले, त्याला त्यातून काहीच मिळणार नाही.

घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. ते राहिले असेल, तर आता तरी पाठवा. आणि डेव्हलपर 'सगळे पुसून साइट नव्याने टाकतो' म्हणाला, तर सर्व्हरच्या लॉगची (त्यावर काय काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींची) प्रत आपल्या हाती येईपर्यंत त्याला हात लावू देऊ नका. माहिती आपल्या पानावरून गेली की गेटवेकडून, हे त्या लॉगशिवाय सांगता येणार नाही.